कापडाची पदवी

कापडाची परीक्षा घ्यायची तर आधी त्याला काही तास निवांत पडू द्यावं लागतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता आणि २७ अंश सेल्सिअस तापमान कायम राखलेल्या खोलीत तुकडे पसरून ठेवतात. कापड भोवतालची ओल घेतं, जास्तीची सोडतं आणि स्थिरावतं. त्यानंतरच त्याचं वजन करायचं, ताकद मोजायची. युरोपातल्या प्रयोगशाळा याच कामासाठी २० अंश धरतात. भारतीय मानकात २७ अंशांची सोय आहे, कारण आपली हवाच तशी. वस्त्रशास्त्र शिकायला आलेली मुलगी सुरुवातीला हा नियम नुसता पाठ करते. तो का आहे हे समजायला मात्र तिनं घरच्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं तरी पुरे.

पूर्ण कोरड्या १०० किलो रुईत या प्रमाणित हवेतलं साडेआठ किलो पाणी मुरतं. रेशमात ११ किलो, लोकरीत १६. पॉलिएस्टरमध्ये अर्धा किलोसुद्धा नाही. आता हे आकडे घेऊन आदिलाबादच्या नाहीतर यवतमाळच्या बाजार समितीत जा. हमीभावानं कापूस घेताना भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय ८ टक्के ओलावा धरतं, १२ टक्क्यांपर्यंत त्या हिशेबानं भाव कापतं आणि त्यापुढे गाडी परत पाठवतं. दर हंगामात यावरून वाद होतात, रस्ता अडवला जातो. साडेआठ किलो पाणी म्हणजे एकूण वजनाच्या ७.८ टक्के. सरकीसकट कापसाचं गणित थोडं वेगळं असतं हे मान्य, पण ८ टक्क्यांची अट प्रयोगशाळेतल्या हवेत निवलेल्या रुईच्या किती जवळ आहे ते यातून दिसतं. दिवाळीच्या आगेमागे, दव पडलेल्या सकाळी वेचलेला कापूस त्या अटीत कसा बसणार? काटे खुपसून ओलावा दाखवणाऱ्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगत नाही. त्याच्या मुलीला मात्र विद्यापीठात हे शिकवलं जातं, आणि त्या शिक्षणाला आपण घरी ‘शिवणकाम’ म्हणतो.

शिवणकामच शिकायचं तर विद्यापीठ कशाला, हा प्रश्न मी परभणीपासून हैदराबादपर्यंत इतक्या घरांत ऐकला आहे की या लेखाचं खरं कारण तोच प्रश्न आहे.

हैदराबादेत हा प्रश्न घेऊन फिरायला चिक्कडपल्लीइतकी सोयीची जागा नाही. एका बाजूला आरटीसी क्रॉसरोडची सिनेमागृहं, दुसऱ्या बाजूला नारायणगुडा, मध्ये त्यागराय गान सभेचं सभागृह आणि सिटी सेंट्रल लायब्ररी. शेजारच्या अशोकनगरात स्पर्धा परीक्षांचे क्लास, त्यामुळे गल्लीगल्लीत मुलामुलींची वसतिगृहं. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की मॅचिंग सेंटर, पिको-फॉलची दुकानं, मग्गम वर्कच्या पाट्या. लाकडी चौकटीवर ताणलेल्या ब्लाउजपीसवर आरीनं जर आणि मणी टाचत बसलेली पोरं, आणि कापणीच्या टेबलामागे उभे असलेले ‘मास्टर’. इथे टेलरला सगळे मास्टरच म्हणतात. मास्टरांनी कुठली पदवी घेतलेली नसते, तरी एका नजरेत खांद्याचा उतार ओळखून ते तिरका काप कुठे द्यायचा ते ठरवतात. विद्यापीठाच्या पॅटर्न मेकिंगच्या वर्गात हाच उतार अंशांत मोजायला शिकवतात. दोन्ही ज्ञानं खरी आहेत. मास्टरांचं ज्ञान त्यांच्या हाताबरोबर जातं, वर्गातलं कागदावर उतरतं आणि हजार मापांत वाढवता-कमी करता येतं, हा त्यांतला फरक.

फेब्रुवारी २०२० पासून चिक्कडपल्लीला मेट्रोचं स्थानक आहे. पुढचं नारायणगुडा, त्याच्या पुढचं सुलतान बाजार. मराठी माणसासाठी ही तीन स्थानकं म्हणजे जुन्या हैदराबादचा ओळखीचा पट्टा. नारायणगुड्यात केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली केशव मेमोरियल संस्था, सुलतान बाजार-कोटीच्या बाजूला मराठी शाळा, ग्रंथसंग्रहालय, आणि त्यांना वेढून कापडाच्या दुकानांच्या रांगा. नांदेड, परभणी, लातूरकडची लग्नाची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या इथे होत आली. त्यातली नारायणपेठी आपण आपलीच मानतो. ती विणली जाते त्या नारायणपेठेचा २०१९ पासून तेलंगणात स्वतंत्र जिल्हा आहे. चौकड्यांचं अंग आणि काठाच्या करवती घेऊन ती साडी पुण्या-सातारच्या घरांत पोचली, आणि ती तेलंगणातून आली हे नेसणाऱ्या अनेकींना आजही ठाऊक नसतं.

चिक्कडपल्लीहून तासाभराच्या आत कापड शिकण्याच्या चार वेगवेगळ्या जागा आहेत आणि चारींचा कारभार सरकारी पैशावर चालतो. उस्मानिया विद्यापीठाच्या तंत्रज्ञान महाविद्यालयात टेक्स्टाइल टेक्नॉलॉजीची बी.टेक. आहे. सैफाबादला कृषी विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे ‘अपॅरल अँड टेक्स्टाइल्स’ विभाग आहे. माधापूरला १९९५ मध्ये सुरू झालेली, फॅशन शिकवणारी निफ्ट आहे. नामपल्लीला तेलुगू विद्यापीठाच्या आवारात सप्टेंबर २०२४ मध्ये हातमाग तंत्रज्ञानाची संस्था सुरू झाली. एका गावात इतकं असणं ही श्रीमंतीच आहे. पण या चार ठिकाणच्या मुलांना मी एकमेकांच्या प्रयोगशाळा माहीत आहेत का विचारलं की ती गोंधळतात. धागा आणि यंत्र एकीकडे, घर आणि पोषाख दुसरीकडे, फॅशन तिसरीकडे, माग चौथीकडे अशी कापडाची वाटणी आपण केली आहे. अंगावरचं कापड मात्र या चारही ठिकाणांहून येतं.

ही वाटणी कशी झाली हे पाहायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती गिरण्यांना माणसं पुरवायला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभं केलं, तिथे रंगाई आणि विणकाम शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. या वर्गांत मुलगे होते. मुलींसाठी कापडाचं शिक्षण वेगळ्या दारानं आलं. दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन कॉलेज निघालं, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली, आणि स्वयंपाक, बालसंगोपन, गृहव्यवस्थेच्या शेजारी ‘वस्त्र आणि परिधान’ जाऊन बसलं. कापड धुणं, डाग काढणं, रफू, खळ, इस्त्री. त्याच कापडाची ताकद मोजणं, त्याचं रसायन समजून घेणं हेही त्याच अभ्यासक्रमात होतं, पण बाहेर नाव झालं ते धुण्याशिवण्याचं. मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये परभणीला स्थापन झालं आणि १९७६ मध्ये तिथलं गृहविज्ञान महाविद्यालय. अलीकडे देशभर या शाखेचं नाव बदलून ‘सामुदायिक विज्ञान’ केलं गेलं. पाटी बदलली, मुलीला विचारला जाणारा प्रश्न बदलला नाही.

म्हणून या वर्गांत प्रत्यक्ष काय चालतं ते थोडं विस्तारानं सांगते.

धागा ओळखणं ही सुरुवात. चिमट्यात धरलेला धागा ज्योतीजवळ न्यायचा. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच, राख मऊ आणि राखाडी. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की बहुधा विझतात, आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरगळते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, त्याची गोळी थंड झाल्यावर दगडासारखी कडक होते. एवढं घरीही करता येतं. पण सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेलं असेल तर जाळून प्रमाण कळत नाही. मग तुकडा वजन करून ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात ठेवायचा. सूत विरघळतं, पॉलिएस्टर शिल्लक राहतं. ते धुऊन, वाळवून पुन्हा वजन केलं की दुकानदारानं सांगितलेलं प्रमाण खरं की खोटं ते ग्रॅममध्ये समोर येतं. नायलॉनला फॉर्मिक आम्ल, अ‍ॅसिटेटला अ‍ॅसिटोन. रेशीम म्हणून विकलेल्या साडीत किती रेशीम आहे याचं उत्तर बावीस वर्षांची मुलगी एका दुपारीत देऊ शकते. पंचवीस-तीस हजारांची साडी घेताना आपण दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय घेतो, आणि ही विद्या मात्र आपल्याला क्षुल्लक वाटते.

मग रंग. पांढऱ्या सुती कापडाचा छोटा तुकडा यंत्राच्या बोटावर बसवून रंगीत कापडावर दहा वेळा मागेपुढे घासतात, दाब ठरलेला असतो. पांढऱ्यावर किती रंग उतरला ते करड्या पट्ट्यांच्या मोजपट्टीशी ताडून १ ते ५ गुण द्यायचे. कोरड्यावर ५ मिळवणारं कापड ओल्यावर २ वर येतं तेव्हा मुलींना घरातली गोष्ट उलगडते: घामानं काखेत रंग का उतरतो, पहिल्या धुण्यात बादली का लाल होते. धुण्याची, उन्हाची, घामाची, अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी परीक्षा असते. सुताचा नंबर कसा काढतात हेही इथेच कळतं. ८४० यार्डांची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणून ८० नंबरचं सूत ४० नंबरच्या निम्म्या वजनाचं. रेशमाचं उलटं: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर, आकडा वाढला की धागा जाड. ज्या विणकराच्या घरात सूत पिढ्यान्‌पिढ्या हातानं पारखलं गेलं त्या घरातली मुलगी वर्गात हे शिकताना सर्वांत आधी मान डोलावते, असं मी एकाहून अधिक प्राध्यापिकांकडून ऐकलं.

सैफाबादच्या महाविद्यालयात नैसर्गिक रंगांवर बरंच काम झालं आहे. फुलं, साली, बिया यांतून काढलेला रंग सुतावर पक्का कसा बसवायचा, तुरटी किती, दुसरे धातूंचे क्षार किती, हे नोंदून ठेवणारं काम. तेलंगणातल्या विणकरांना पूर्वी हे येत होतं. पुट्टपाकाच्या तेलिया रुमालाचं सूत तेलात आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा मुरवत, मग लाल आणि काळा रंग त्यात खोल शिरे. रासायनिक रंग आल्यावर दोन पिढ्यांत ती माहिती विरळ झाली. ती पुन्हा लिहून काढणं हे विद्यापीठाचंच काम आहे. बाजार ते करणार नाही, कारण त्यात नफा नाही.

विद्यापीठाबाहेर राहिलेल्या ज्ञानाची गोष्ट निघाली की तेलंगणात एक नाव सगळे घेतात. चिंतकिंदी मल्लेशम, आलेरजवळच्या शारजीपेटचे. पोचमपल्लीच्या इकतमध्ये विणण्याआधीच धाग्यावर नक्षी बांधून रंगवतात, आणि त्याआधी धागा खुंट्यांच्या अर्धवर्तुळावर फिरवून मांडावा लागतो. याला आसू म्हणतात. एका साडीसाठी बाईचा हात सुमारे ९,००० वेळा पुढे-मागे जातो. मल्लेशम यांची आई हे करायची आणि तिचा खांदा कायमचा दुखायचा. सहावीत शाळा सुटलेल्या या मुलानं अनेक वर्षं झटून १९९९ मध्ये आसूचं यंत्र तयार केलं, त्याला आईचं नाव दिलं: लक्ष्मी. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला या गोष्टीत त्यांचं मोठेपण दिसतं तशी आपल्या विद्यापीठांची चुकलेली वाटही दिसते. खांद्याचं दुखणं, हाताच्या हालचाली, धाग्याचा ताण या तिन्हींचा अभ्यास सैफाबाद आणि उस्मानियात शिकवला जातो. पोचमपल्ली तिथून तासा-दीड तासावर आहे. तो प्रश्न तिथल्या एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीच्या हाती पडला असता तर मल्लेशम यांच्या आईचे काही उन्हाळे वाचले असते.

नामपल्लीच्या नव्या हातमाग संस्थेकडून म्हणूनच माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत. २०१४ मध्ये राज्य वेगळं झालं तेव्हा वेंकटगिरीची संस्था आंध्रात गेली आणि तेलंगणातल्या मुलांना हातमागाची पदविका घ्यायला परराज्यात जावं लागू लागलं. नव्या संस्थेला कोंडा लक्ष्मण बापूजींचं नाव दिलं आहे. बापूजी १९१५ साली वांकिडीत जन्मले. आसिफाबादहून चंद्रपूरकडे येताना शेवटी लागणारं ते गाव, आजही तिथल्या बाजारात मराठी ऐकू येते. पद्मशाली घरातला हा मुलगा हैदराबादेत वकील झाला, निजामाविरुद्धच्या लढ्यात पडला, विणकरांच्या सहकारी संस्था उभारण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि तेलंगणाच्या मागणीसाठी त्यानं मंत्रिपद सोडलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किती तरी घरांना बापूजी ओळखीचे वाटतील, कारण ती घरं याच मुलखातून निघून सोलापूरच्या मागांवर गेली. सिरसिल्ल्याचे विणकर भिवंडीला गेले, काही यंत्रमाग शिकून परत आले. विणकराला भाषेची सीमा कधी अडली नाही, कापूस आणि माग जिथे नेतील तिथे तो गेला.

गिरण्यांचंही तसंच. हैदराबादची पहिली कापड गिरणी १८७७ ची. त्याच सुमारास सोलापूरची जुनी मिल सुरू झाली. पाठोपाठ निजामाच्या राज्यात गुलबर्गा आणि औरंगाबादला गिरण्या आल्या, पुढे नांदेडला उस्मानशाही आणि १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतला गावरानी कापूस या गिरण्यांत सूत होई. चिक्कडपल्लीहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, लोअर टँक बंडच्या बाजूला, दिवाण बहादूर रामगोपाल यांची डीबीआर मिल होती. मुशीराबाद, कवाडीगुड्याच्या वस्त्यांना तिच्या भोंग्यानं वेळ कळे. १९९० च्या दशकात तीही थांबली. उस्मानशाही, आझमजाही सगळ्या एकामागून एक बंद झाल्या, जमिनींचे सौदे आणि खटले तेवढे राहिले. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सात पीएम मित्र वस्त्र उद्यानं जाहीर केली, त्यांत वरंगळ आहे, कलबुर्गी आहे आणि आपली अमरावती आहे. जुन्या निजामशाहीतली दोन गिरणी-शहरं आणि वऱ्हाडातलं कापसाचं शहर पुन्हा एका यादीत आली. या उद्यानांत शिलाईच्या रांगेवर बसायला हजारो बायका लागतील, आणि त्यांच्यावर देखरेख करायला, दर्जा तपासायला, कापणीचं नियोजन करायला पदवी घेतलेली माणसं लागतील. ती माणसं दिल्ली-तिरुपूरहून आणायची की सैफाबाद-परभणीतून घ्यायची, हे आत्ताच ठरवायला हवं.

नोकरीबद्दल एवढं बोलले, पण या विद्येची खरी कसोटी मला कारखान्यात दिसत नाही, शेतात दिसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधं, पंप, कंपन्या, कृषी खातं यांच्यावर खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. त्या माणसांच्या अंगात कपडे कोणते होते, यावर फार कमी लिहिलं गेलं. बहुतेकांच्या अंगात जुना सुती शर्ट आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. कमरेच्या वर वाढलेल्या ओल्या पिकातून माणूस चालतो, सुती कापड फवाऱ्याचे थेंब आपल्यात ओढून घेतं आणि कातडीला चिकटवून ठेवतं. रबरी किंवा प्लास्टिकचा सूट थेंब अडवेल, पण दमट उन्हात तो घालून माणूस अर्ध्या तासात भोवंडून पडेल. हवा जाऊ देणारं, घाम बाहेर सोडणारं, थेंब अडवणारं, मजुराला परवडणारं आणि धुतल्यावरही गुण न गमावणारं कापड हवं. शिवाय शिलाई कुठे यावी, कारण सुईच्या भोकातूनच द्रव आधी आत शिरतो. बाही मनगटाशी कशी बंद व्हावी. कपडा घरच्या धुण्यात मिसळू नये हे बाईला कसं सांगावं. हा सगळा ‘वस्त्र आणि परिधान’ विषयाचा अभ्यासक्रम आहे, अक्षरशः, पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत. परभणी आणि हैदराबाद दोन्ही ठिकाणी शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्याच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाची केंद्रं राहिली आहेत, आणि वेचणीसाठी, फवारणीसाठी कपडे तयार करण्याचं काम या क्षेत्रात झालं आहे. ते अहवालांत आहे. यवतमाळच्या कृषी सेवा केंद्रात औषधाच्या बाटलीशेजारी ते टांगलेलं दिसत नाही. विषाची बाटली गावोगाव पोचवणारी साखळी आहे, कपडा पोचवणारी नाही.

मापाचा प्रश्नही असाच दुर्लक्षित. तयार कपड्यांवर आपण एस, एम, एल वाचतो, ते आकार मुळात परदेशी शरीरांवरून आले. भारतीय शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्टनं ‘इंडियासाइज’ सर्वेक्षण हाती घेतलं: १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं, त्रिमितीय स्कॅनर, निवडलेल्या शहरांत हैदराबादही. काम मोलाचं आहे. पण त्यात १५ वर्षांखालची मुलं नाहीत, आणि सरकार सर्वांत जास्त कपडे शिवतं ते याच वयासाठी.

महाराष्ट्रानं याचा अनुभव नुकताच घेतला. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजना आली. कापड एकाच ठिकाणाहून, कापून, गावोगावच्या बचत गटांकडे जाणार आणि बायका ते शिवणार. हेतू चांगला होता, बायकांना काम मिळणार होतं. प्रत्यक्षात अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नाहीत, पोचले ते अनेकांना घट्ट किंवा सैल. त्याच डिसेंबरात शासनानं निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. मी त्या काळात शाळांमध्ये पाहिलेल्या शर्टांची बाही कोपराला अडकत होती. चौथीतली नंदुरबारची मुलगी आणि चौथीतली कोल्हापूरची मुलगी यांची छाती आणि उंची सारखी नसते. एकाच मापाचे गठ्ठे जिल्ह्यांना सारखे वाटले तर असंच होणार. आधी नमुना म्हणून काही हजार मुलांची मापं घ्यायची, त्यांतून कोणत्या जिल्ह्यात कोणता आकार किती लागेल ते काढायचं, वाढत्या वयासाठी किती सैलपणा ठेवायचा आणि दुमड किती द्यायची ते ठरवायचं. परभणीच्या महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना हे येतं. त्यांच्या अभ्यासक्रमात ग्रामीण भागात राहून करायचं सत्रच असतं. त्या सत्रात मराठवाड्यातल्या शाळांमधून मापं गोळा झाली असती तर सरकारला फारसा खर्चही आला नसता.

तेलंगणातली गोष्ट साड्यांची आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं बतुकम्मा सणासाठी बायकांना साड्या वाटायला सुरुवात केली, सुमारे एक कोटी. सिरसिल्ल्याच्या यंत्रमागांना काम मिळावं हा त्यामागचा उद्देश, पण पहिल्या वर्षी वेळ कमी पडला म्हणून बराच माल सुरतेहून आणावा लागला. पोत आवडला नाही म्हणून काही गावांत बायकांनी रागानं साड्या जाळल्या. वर्तमानपत्रांनी राजकारण छापलं. मला त्या बायकांचा राग कापडाबद्दलचा वाटतो आणि तो रास्त होता. फुकट मिळालेल्या साडीचाही पोत बाईच्या बोटांना कळतो. एक कोटी साड्यांची मागणी नोंदवताना धाग्याचा नंबर, प्रति चौरस मीटर वजन, रंगाचा पक्केपणा, चुणी पडून ती टिकण्याचा गुण हे सगळं लिहून द्यायचं आणि माल आल्यावर तपासायचं असतं. पोलिसांची खाकी, आरटीसीच्या वाहकांचे गणवेश, सरकारी दवाखान्यांच्या चादरी, वसतिगृहांची ब्लँकेटं धरली तर सरकारइतकं मोठं कापडाचं गिऱ्हाईक दुसरं नाही.

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत सकाळपासून जागा धरून बसलेल्या मुलामुलींमध्ये कृषी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्याही असतात. गट-१, गट-२, पोलीस, वनखातं, जी जाहिरात निघेल ती. चार वर्षं कापड शिकलेली मुलगी इथे राज्यघटनेची कलमं आणि नद्यांची खोरी पाठ करते, कारण तिच्या विद्येसाठी निघणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. अंगणवाडी, महिला-बालविकास, गृहविज्ञानाच्या शिक्षिका, अधूनमधून एखादी सहायक प्राध्यापिका. खाजगी कारखान्यांत जायचं तर मर्चंडायझरचं काम, बंगळूर किंवा तिरुपूर, आणि घरचे पाठवायला तयार हवेत.

जिल्हा पातळीवर सरकारी खरेदीचं कापड तपासणारी छोटी प्रयोगशाळा, आणि तिथे वस्त्रशास्त्राच्या दोन पदवीधर मुली, एवढी मागणी दोन्ही राज्यांकडे करायला हवी. यंत्रं महागडी नाहीत. वजन काढायचा गोल कातर-साचा, तन्यता मोजण्याचं यंत्र, घासण्याचं यंत्र, आम्लाच्या बाटल्या, आणि हवा राखलेली एक खोली. नांदेडला कृषी विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र आहे. एनएचएच-४४ हे वाण तिथलंच, ऐंशीच्या दशकात त्यानं मराठवाडा आणि तेलंगणा दोन्हीकडची शेतं भरली होती. तिथल्याच आवारात अशी पहिली खोली सुरू करता येईल. सकाळी गणवेशाचं कापड, दुपारी बाजार समितीतून आणलेला कापूस, आणि हंगामात फवारणीचे सूट, असं त्या दोघींचं काम मला स्पष्ट दिसतं. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेशाच्या निविदा निघतील, आणि त्यांत कापडाच्या चाचण्यांची अट कोण लिहिणार हे त्याआधीच्या हिवाळ्यातच ठरलेलं असावं लागतं.